बिनकामाचं भांडं

खोली बघायला गेलो, तेव्हा भाडं विचारायच्या आधीच माझ्या हातात एक वस्तू आली. काळपट हिरवी, जड, नारळाएवढी.

"हां पावणं, सांगा. काय असंल ह्ये?"

घरमालकीणबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की उत्तर चुकलं तर खोली मिळायची नाही असंच मला वाटलं. मी ती वस्तू फिरवून फिरवून बघितली. खाली तीन पाय, तिन्ही वेगवेगळ्या लांबीचे, त्यामुळे ठेवली की एका बाजूला कलायची. पोटाभोवती भोकांची एक ओळ, त्यातलं एक भोक दुसऱ्याएवढं नाही. वर तोंड, मूठ सहज आत जाईल एवढं. आत तळाला दगडासारखी घट्ट माती. मी चिपळूणकडून आलेला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात नुकताच लागलेला. तपासणीवाल्याची अक्कल तपासणीच्या बाहेर जात नाही. म्हणालो, "मापक असेल. कुठल्या जाडीची सळी कुठल्या भोकात जाते ते बघायला."

"मग पाय कशाला?"

मला सांगता येईना. तसं म्हणालो.

"ऱ्हावा मग वर," बाई म्हणाल्या. "मागच्या पावण्यानं पायांचंबी कायतर ठोकून दिलतं."

अशी मला कोल्हापुरात खोली मिळाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुढे दहा-अकरा वर्षं मी त्या माडीवर राहिलो, लग्न होऊन बायको आली, मुलगी झाली, तरी त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत 'पावणं'च राहिलो.

सगळी पेठ त्यांना आक्का म्हणायची. माहेर संकेश्वरकडचं, सासर लिंगायत व्यापाऱ्यांचं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि बसायची जागा म्हणजे खालच्या भांड्यांच्या दुकानातली गादी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बेळगावात दिलेली. वजन करताना आकडे कन्नडमध्ये पुटपुटायच्या, भांडण मात्र मराठीत करायच्या. भांडायला कोल्हापुरी मराठीसारखी भाषा नाही, हे त्यांचं मत, आणि दोन्ही भाषांत भांडून बघितलेल्या माणसाचं मत आपण मानायला हवं. इथल्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल 'मी जातो', 'मी येतो' असंच बोलायच्या.

भांडं दिसलं की बोटाच्या पेरानं वाजवायचं, ही त्यांची खोड. आपल्याच दुकानात नव्हे, कुठंही. लग्नाच्या पंगतीत बसल्या की आधी ताट वाजवणार, मग वरण-भात. शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं म्हणून आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो, तर आक्कांनी खाटेजवळचा इंजेक्शनचा ट्रे उचलला, कानाशी धरून वाजवला आणि नर्सबाईंना सांगितलं, "लई पातळ हाय. फशिवलंय तुमाला." काकू टाके पडलेल्या असूनही हसल्या आणि मग दुखलं म्हणून रडल्या.

आवाजावरून त्या कासं, पितळ, तांबं, जर्मन सगळं ओळखायच्या. आक्का कासं म्हणाल्या की कासं. पेठेत त्यावर अपील नव्हतं. बाकीचे दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाशी वाद झाला की भांडं घेऊन आक्कांच्या पायरीशी यायचे.

त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: ज्याला काम न्हाई त्ये भांडं न्हवं. एकदा मुंबईचा एक विक्रेता शोभेच्या पितळी वस्तू घेऊन आला. उंच मानेचं, नक्षीदार काहीतरी त्याने गादीवर ठेवलं.

"ह्यात काय शिजतंय?" आक्कांनी विचारलं.

"शिजवायचं नाही मावशी, शोभेला ठेवायचं."

"शोभंला माझा जावाय हाय की. आनखी कशाला?"

जावई तेव्हा आतल्या खोलीत चहा पीत बसले होते. बिचारे हसत बाहेर आले. त्यांना सवय होती.

ते दिवस बायकांनी तांबं-पितळ मोडीत घालून स्टील घ्यायचे होते. रोज कुणी ना कुणी घंगाळ, हंडा, परात, बंब घेऊन यायची आणि चकचकीत डबे घेऊन जायची. आक्का धंदा म्हणून मोड घ्यायच्या, पण पोतं वितळायला पाठवायच्या दिवशी दुकानात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. जुन्या भांड्यांवर नावं घातलेली असत, कुणाच्या लग्नातली, कुणाच्या बारशातली. आक्का एकेक भांडं उचलून ते नाव मोठ्यानं वाचायच्या आणि मगच पोत्यात टाकायच्या. "वितळायच्या आदी एकदा नाव घ्यावं मानसाचं," म्हणायच्या. मला पहिल्यांदा ते विचित्र वाटलं. नंतर रविवारी पोतं भरायचं असलं, की मी मुद्दाम खाली जाऊन बसायला लागलो.

अशाच एका मोडीच्या पोत्यातून ती वस्तू आलेली. भोगावतीच्या काठच्या एका शेतकऱ्यानं आणली. वीटभट्टीसाठी माती काढताना सापडली, एवढंच त्याला माहीत. आक्कांनी वाजवली. आवाज कशाचा ते कळलं, कामाचं कळेना. जन्मात पहिल्यांदा एक भांडं त्यांच्यापुढं गप्प बसलं होतं. त्यांनी ती बाजूला काढली आणि तिथून पुढे त्यांना चैन नाही.

मग एक दिवस इतिहासाचे एक प्राध्यापक कुकर घ्यायला आले आणि ती वस्तू बघून कुकर विसरले. फार सज्जन माणूस. खुर्चीत बसून तासभर बघितल्यावर म्हणाले, "हजार वर्षांच्या अलीकडची नाही एवढं नक्की. दोन हजारही असतील. पण कशासाठी केली असेल, मला सांगता येत नाही." दोन गोष्टी मात्र त्यांनी निक्षून सांगितल्या. एक, सरकारात कळवायचं. दोन, वस्तूला घासायचं नाही, तिच्यावरची माती आणि हिरवा थर हेच तिचं वय आहे.

पहिली गोष्ट सोपी होती. दोघं मिळून एका कचेरीत जाऊन आले. तिथल्या साहेबांनी, पाहणीला माणूस पाठवतो, तोवर जपून ठेवा, म्हणून सांगितलं. तोवर म्हणजे कधीपर्यंत, हे विचारायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आज ती वस्तू संग्रहालयात काचेमागं आहे, पण तिथं पोहोचायला तिला बरीच वर्षं लागली, आणि ती वर्षं तिनं आक्कांच्या गादीशेजारी काढली.

दुसरी गोष्ट फार कठीण. भांड्याच्या दुकानात जन्म गेलेल्या बाईला काळं भांडं डोळ्यांसमोर ठेवून घासायचं नाही म्हणजे छळच. कधी कधी त्या चिंचेचा गोळा हातात घ्यायच्या, वस्तूकडे बघायच्या आणि गोळा पुन्हा खाली ठेवायच्या. "मास्तरनं हात बांदलंत माजं," म्हणून प्राध्यापकांच्या नावानं बोटं मोडायच्या. पण घासली नाही. दिलेला शब्द होता.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती वस्तू हातात धरावी लागे. नियम ठरलेले होते. हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही, आणि 'देवाचं काहीतरी असेल' म्हणायचं नाही. "ज्याचं काय कळंना त्ये द्येवाच्या गळ्यात मारतासा व्हय?" असं त्यांनी एका भटजींनाही सुनावलं होतं. चपलावाला म्हणाला, चामड्याच्या वाद्या ओढून सारख्या करायचं हत्यार. हुपरीचा चांदी कारागीर म्हणाला, तार ओढायचं. राधानगरीचा दूधवाला म्हणाला, वासराला दूध पाजायचं, भोकांना चिंध्या बांधायच्या आणि वासरं लुचायची. जोतिबाच्या डोंगरावरून आलेला गुरव नियम मोडून देवावरच गेला, गुलाल उधळायचं म्हणाला, त्याला आक्कांनी चहासुद्धा दिला नाही. तालमीचे वस्ताद वस्तू उचलून बघून म्हणाले, "मनगटाच्या मेहनतीला असंल." आणि लगेच दोन-चार हात मारून दाखवले.

प्रत्येकाला आक्का 'मग पाय कशाला?'सारखा एकच प्रश्न विचारायच्या आणि त्या एका प्रश्नात माणूस आडवा व्हायचा. सगळे गेले की मला म्हणायच्या, "बघितलंसा? चपलावाल्याला चप्पल दिसती, दूधवाल्याला धार. समदी आपापलं घर बघून जात्यात ह्यात. भांड्याला कोण बघतंय?"

हे बोलणं त्यांच्यावरच उलटायचं होतं, आणि ती हकिगत सांगायची तर मला अजून अंगात एकदम बळ आल्यासारखं वाटतं.

एका ज्येष्ठातली गोष्ट. पेरण्यांचे दिवस. मी सुट्टीचा म्हणून माडीवर लोळत पडलो होतो, आणि खाली परातीवर डाव आपटल्याचा आवाज आला. भाडेकरूंना बोलवायची त्यांची ती पद्धत. धावत गेलो तर आक्का ज्वारी निवडत बसलेल्या, आणि ती वस्तू त्यांच्यासमोर.

"बगा," त्या म्हणाल्या. ज्वारीची मूठ भरली, वस्तूच्या तोंडात धरली आणि हळूहळू बोटं सैल सोडली. दाणे आतल्या मातीवरून घरंगळले आणि पोटाच्या भोकांमधून सगळीकडून पडायला लागले. आत एक दाणा उरला नाही.

"चाडं हाय, पावणं. चाडं!"

मी कोकणातला. मला पाभर माहीत नव्हती. त्यांनीच समजावून सांगितलं. पेरायच्या अवजाराला, म्हणजे पाभरीला, वर एक लाकडाचं वाटीसारखं चाडं असतं, त्याला भोकं, भोकांना नळ्या. पेरणारा बी चाड्यात मुठीनं सोडतो आणि ते नळ्यांमधून सरळ मातीत पडतं. मूठ सैल पडली तर पीक दाट, आवळली तर विरळ. सगळं शेत त्या मुठीवर.

"माज्या आप्पाची मूठ लई नावाजल्याली," आक्का म्हणाल्या. "आजूबाजूच्या गावातनं बोलवणं यायचं. बैलाच्या मागनं चालायचा आन् हात असा... असा..." त्यांनी हवेत मूठ धरली. इतक्या वर्षांत मी त्यांना वडलांविषयी बोलताना ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. "ह्ये राजाचं चाडं असनार. लाकडाचं गरिबाचं, काशाचं राजाचं. पैली पेरणी राजानं करायची असंल. स्वतः बैलामागं चालायचं."

पाय लहान-मोठे का, यालाही उत्तर होतं. पाभरीचं लाकूड उतरतं असतं, त्यावर सरळ बसायला. मी उगीच आणखी एक-दोन शंका काढल्या. सगळ्यांना उत्तरं होती. मला मनापासून पटलं. इतक्या वर्षांनी भांडं बोललं होतं, आणि आक्कांशी बोललं होतं, याचा मला माझ्याच घरातल्यासारखा आनंद झाला.

प्राध्यापक आले, त्यांनीही ज्वारी टाकून बघितली. म्हणाले, "शक्य आहे आक्का, अगदी शक्य आहे, पण..." त्या 'पण'नंतरचं कुणी ऐकलंच नाही. कारण तोवर पेठेतल्या मंडळाचा अध्यक्ष दुकानात शिरला होता.

या अध्यक्षाबद्दल सांगायलाच हवं. फाउंड्रीत कामाला, छाती पिंपासारखी, आणि जीव सगळा गणपतीच्या देखाव्यात. पलीकडच्या पेठेचं मंडळ आणि आमचं मंडळ यांच्यात देखाव्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. आदल्या वर्षी पलीकडच्यांनी सोंड हलवणारा हत्ती केला होता आणि वर्षभर आमच्या पोरांना चहाच्या टपरीवर मान वर करता आली नव्हती. अध्यक्षानं आक्कांचं चाडं ऐकलं आणि तो गादीवर बसलाच.

"आक्का, औंदाचा देखावा ह्योच. राजा पेरतोय, बैल चालत्यात, आन् खरं चाडं! दोन हजार वर्सांपूर्वीचं खरं! हत्ती काय, डायनासोर आणू दे त्यांनी."

पेठ पेटून कामाला लागली. बैल झाले, राजा झाला. राजाच्या हाताला मोटर बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारखान्यातल्या दोघा मित्रांना घेऊन मी ते केलं. हात चाड्यावर यायचा, मूठ उघडायची, दाणे पडायचे. एका भारदस्त आवाजाच्या माणसाकडून निवेदन रेकॉर्ड करून घेतलं: 'याच पंचगंगेच्या परिसरात, याच मातीत, आपला राजा स्वतः पेरणी करीत असे...' इथल्या वर्तमानपत्रात आक्कांचा वस्तूसकट फोटो आला. पेठेतला माणूस दुसऱ्या पेठेत गेला, की आधी तो विषय काढायचा. आक्का गादीवर आणखी ताठ बसायला लागल्या. नाव आक्कांचं झालं होतं, पण मान सगळ्यांची वर गेली होती.

उद्‌घाटनाच्या दिवशी सकाळी त्यांनी वस्तू अध्यक्षाच्या हातात दिली. "घासू नका," एवढं बजावून दिली. अध्यक्षानंही होय म्हटलं. पण तो घरी गेला आणि त्याच्या आईनं वस्तू बघितली. "गणपतीम्होरं असलं काळंबेंद्रं भांडं ठेवतासा व्हय रं?" त्या माउलीनं विचारलं. आता कोल्हापुरात देवापुढं न घासलेलं भांडं ठेवणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच कळेल. आईनं चिंच भिजवली, मीठ घेतलं, मंडळाच्या पोरांनी नारळाची शेंडी घेतली. दुपारभर वस्तू चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि मग सगळ्यांनी मिळून, भक्तीनं, घासली.

चार वाजता अध्यक्ष पोरांना घेऊन दुकानात आला. मी तिथंच होतो, प्राध्यापकही आले होते. "आक्का, बघा तर! कसं चकाकतंय!"

खरोखर सोन्यासारखी दिसत होती. प्राध्यापकांनी डोक्याला हात लावला आणि खालीच बसले. आक्कांनी वस्तू घेतली, वाजवली. आवाज बदलला होता. त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी वरच्या तोंडातून हात आत घातला, आणि तो हात खालून बाहेर आला.

तळ नव्हताच. जो तळ वाटत होता ती भोकांच्या रेषेपर्यंत घट्ट बसलेली माती होती, खालून तिच्यावरही हिरवा थर चढलेला. चिंचेच्या पाण्यानं ती सुटली आणि बादलीत राहिली. आक्कांनी शेजारच्या डब्यातली ज्वारीची मूठ त्यात धरली. सगळी ज्वारी सरळ खाली गादीवर पडली. भोकांतून एक दाणा आला नाही.

"खालचा भाग मी तळच समजलो होतो," प्राध्यापक हळूच म्हणाले. "चूक माझीसुद्धा आहे, आक्का."

आक्का गादीवरच्या दाण्यांकडे बघत होत्या. अध्यक्षाला परिस्थिती कळायला वेळ लागला नाही. तो मुळात हुशार गडी. "आक्का, कुणाला काय कळतंय? खालनं पत्रा मारतो. दोन मिनटाचं काम. मंडपात पब्लिक आलंय, पाव्हणं यायला लागल्यात, पेपरवालं येणार."

"पत्रा मारला की चाडं हुतंय व्हय?"

"व्हत न्हाई. पण दहा दिवस हुतंय की! मागनं सांगू. समद्या पेठंचं नाक हाय, आक्का. पलीकडची हसून हसून मरत्याल. तुमचंबी नाव जाईल. उद्या कासं म्हणलासा तर लोक म्हणत्याल, चाड्यागत असंल."

तो खोटं सांगत नव्हता. त्या दुकानाचं सगळं भांडवल म्हणजे आक्कांचा शब्द. आणि त्याच्याही पलीकडे, त्या वस्तूत त्यांना त्यांचे आप्पा सापडले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही. खरं सांगतो, पत्रा मारावा असंच मलाही वाटत होतं.

आक्का उठल्या, पदर खोचला. "चला मंडपात," म्हणाल्या. पुढे काय करणार, ते सांगितलं नाही.

मंडप गच्च भरला होता. पाहुण्यांचं भाषण झालं, 'आपल्या मातीचा उज्ज्वल वारसा' वगैरे. मग आक्कांना माईक दिला. त्यांनी तो वाजवून बघितला, सवयीनं. लोक हसले. मग त्यांनी ती चकचकीत वस्तू वर धरली आणि सगळ्यांना तिच्यातून आरपार दिवे दिसले.

"ह्ये चाडं न्हवं," आक्का म्हणाल्या. "ह्याला बूडच न्हाई. मी चुकलो."

पुढची माणसं माना उंच करून वस्तूतून आरपार बघायला लागली.

"माझा बा पेरणारा हुता. मला त्यात माझा बा दिसला, म्हणून मी चाडं म्हणलो. तुमी ह्यात आपापलं घर बघता म्हणून मी तुमाला हसत हुतो, आन् मीबी त्येच केलं. पोरांनी लई खपून देखावा केलाय. त्येंची चूक न्हाई. चूक माझी हाय. मग ह्ये काय हाय? गोत्तिल्ला." कन्नडमध्ये 'ठाऊक नाही'. त्यांनी तो शब्द मान ताठ ठेवून उच्चारला, जसा 'कासं' म्हणायच्या तसाच. "कुणाला ठाऊक असंल त्यानं म्होरं यावं."

कुणी टाळी वाजवली नाही. पाहुणे घाईनं आरतीला उभे राहिले. अध्यक्ष मंडपाच्या मागं गेला तो परत आलाच नाही. मी मात्र तिथं उभा होतो आणि माझी छाती फुगली होती. ही बाई माझी घरमालकीण आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगावं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आक्कांशी बोलत नव्हता, पण कामावर रजा टाकून मंडपात आला होता. मला म्हणाला, "राजाचा हात काढा. मोटर मानंला लावा." दुपारपर्यंत ते केलं. आता बैल थांबले होते, राजा खाली बसला होता, वस्तू त्याच्यापुढं, आणि तो मान डावी-उजवीकडे हलवत होता, त्यालाही कळत नसल्यासारखी. निवेदनाची टेप बंद केली. पेंटरनं नवा फलक रंगवला: 'ही वस्तू काय आहे हे आम्हांस ठाऊक नाही. आपणास काय वाटते?' शेजारी खुर्ची टाकून आक्का बसल्या. येईल त्याच्या हातात वस्तू देत होत्या आणि ऐकत होत्या, या वेळी कुणालाही न हसता.

पहिल्या दिवशी थोडे आले. मग रांग वाढत गेली. लोक मंडपातून बाहेर पडले तरी वाद घालत कोपऱ्यावर उभे राहायचे. गिरणगावातून आलेल्या एका पाहुण्याला सुताची भोकं दिसली, एका आजीबाईंना शेवया दिसल्या, एका पोस्टमनला काहीच दिसलं नाही आणि त्यानं तसं सांगितल्यावर आक्कांनी त्याला उभं राहून नमस्कार केला. दुकानावर तर काही परिणाम झाला नाहीच. उलट कासं पारखून घ्यायला गडहिंग्लजकडून माणसं येऊ लागली. "जी बाई एवढ्या पब्लिकम्होरं चुकलो म्हणती, ती कासं खोटं सांगंल व्हय?" असं एकानं मला ऐकवलं. पण ती नंतरची गोष्ट.

विसर्जनाच्या दोन दिवस आधी पलीकडच्या पेठेचा अध्यक्ष आला. मागं त्यांची पोरं. येणार हे माहीत होतंच. मंडपाच्या तोंडाशी उभं राहून त्यानं फलक मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "आयला, एवढ्या मोठ्या पेठंला एक भांडं वळखंना?"

त्याची पोरं हसली. रांगेतली माणसं आमच्याकडे बघायला लागली. आक्का खुर्चीतून उठायला लागल्या, तेवढ्यात आमचा अध्यक्ष पुढं झाला. त्या दिवसापासून तो आक्कांकडे बघतसुद्धा नव्हता. आता तो त्यांच्या खुर्चीच्या पुढं, अगदी मधोमध, उभा राहिला.

"न्हाईच वळखत," तो म्हणाला. "आन् आमच्या आक्कानं त्ये माईकवर सांगितलंय, समद्या गावाम्होरं. तुमच्या पेठंत हाय का कोण असं सांगणारं? असलं तर दाखवा. आत्ता पाया पडतो."

पलीकडचा अध्यक्ष त्याच्याकडे बघत राहिला. मग राजाच्या हलणाऱ्या मानेकडे, मग आक्कांकडे. मागची पोरं हसायची थांबली होती. त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि जाऊन रांगेत शेवटी उभा राहिला.